धरणापलीकडचा रंग

नकाशाच्या मधोमध एक भोक होतं, आणि धाकटीने ते सकाळीच बुजवून टाकलं होतं.

भोक म्हणजे धरणापलीकडच्या डोंगरातल्या वस्त्या. बाकी सगळ्या जिल्ह्यातल्या लहान मुलांच्या रक्ततपासण्या, वर्षानुवर्षांच्या आणि लाखांनी, दोघी बहिणींनी एका पडद्यावर आणल्या होत्या. गावावर क्लिक केलं की तिथली मुलं कशी आहेत ते उलगडायचं. रक्त चांगलं तिथे गडद लाल, कमी तिथे फिकट. आकडे ताईचे, रंग धाकटीचे. आणि रंगांच्या बाबतीत धाकटी नाकावर माशी बसू द्यायची नाही. एवढ्या देखण्या कामात ते पांढरं ठिगळ तिच्या डोळ्यांत सलत होतं.

ताईला ते दिसलं तेव्हा डॉक्टरबाईंची गाडी दारात लागत होती.

“हा रंग कुठून आला?”

“आजूबाजूच्या गावांची सरासरी काढली. बघ ना, कसं भरल्यासारखं दिसतंय!”

“तिथली एकही तपासणी नाहीये आपल्याकडे.”

“अगं, दाखवण्यापुरतं. नंतर काढते.”

ताईने भिंतीवरच्या आरशांकडे पाहिलं. ही खोली म्हणजे मावशीचं जुनं ब्युटी पार्लर. मावशीने धंदा आवरला आणि जागा भाच्यांना दिली, आरशांसकट आणि वरखाली होणाऱ्या खुर्चीसकट.

“डाग झाकायचं काम मावशी करायची,” ताई म्हणाली. “आपलं ते नव्हे.”

बोलणं तिथेच राहिलं, कारण डॉक्टरबाई आत आल्या होत्या.

डॉक्टरबाई संशोधन संस्थेच्या प्रमुख. तपासणीची पथकं कुठे पाठवायची ते त्याच ठरवायच्या. त्यांनी हे काम घेतलं नाही तर बहिणींना गाशा गुंडाळावा लागणार होता. बाई उंचीने बेताच्या. धाकटीने त्यांना पार्लरच्या खुर्चीत बसवलं आणि पेडल दाबून पडद्याच्या उंचीला आणलं.

“केस नका हं कापू,” बाई म्हणाल्या, आणि सगळ्याच हसल्या.

मग धाकटीने गावं उघडून दाखवली, वर्षं मागेपुढे सरकवली. रंग उजळत होते, उतरत होते. बाई पुढे वाकून पाहत होत्या. आपण केलेलं कुणी असं डोळे भरून पाहतंय म्हटल्यावर धाकटीला आभाळ ठेंगणं झालं होतं.

“वा! आणि हे धरणापलीकडचंही बरं दिसतंय की,” बाई खुर्चीत मागे टेकल्या. “मला उगाच त्या भागाची काळजी होती. चला, तिकडे पथक पाठवायला नको.”

सकाळी भरला तेव्हा तो नुसता रंग होता. त्याच्याखाली मुलं आहेत हे तिला आत्ता दिसलं. ताई बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात धाकटीच म्हणाली,

“मॅडम, तो रंग मुलांचा नाही. माझा आहे.”

“म्हणजे?”

“तिथली काहीच माहिती नाही. भोक बरं दिसेना, म्हणून मी भरलं.”

तिने रंग काढून टाकला. पांढरं ठिगळ पुन्हा उघडं पडलं. आरशांमुळे ते चारी भिंतींवर दिसू लागलं.

डॉक्टरबाईंचा चेहरा बदलला. “आणखी कुठे कुठे भरलंय असं?”

“कुठेही नाही. हवं ते गाव उघडून बघा.”

बाईंनी माऊस स्वतःच्या हातात घेतला. एक गाव उघडलं, दुसरं उघडलं, पार कोपऱ्यातलं एक उघडलं. प्रत्येकाखाली नोंदी होत्या. मग त्या वर्षं मागे सरकवू लागल्या. आजूबाजूचे रंग दरवर्षी बदलत गेले, ठिगळ मात्र होतं तसंच राहिलं. अगदी सुरुवातीच्या वर्षापर्यंत.

“कधीच कुणी गेलं नाही तिथे?” बाईंनी हळू आवाजात विचारलं.

“रस्ता धरणापाशी संपतो,” ताई म्हणाली. “पुढे होडीने जावं लागतं.”

“या सगळ्या याद्या दरवर्षी माझ्याच टेबलावरून जातात,” बाई म्हणाल्या. “पण यादीत जे नाही ते दिसणार कसं?” त्यांनी माऊसचा बाण त्या पांढऱ्या जागेवर नेऊन ठेवला. मग म्हणाल्या, “पहिलं पथक तिथे. होडीचं बघते मी. आणि तुम्ही कामाला लागा. पण यापुढे रंग फक्त मुलांचे.”

धाकटीचा जीव भांड्यात पडला. ताईने मात्र कौतुक केलं नाही. तसं ती कधीच करत नसे. धाकटीने जीव ओतून केलेल्या कामालाही तिच्याकडून आजवर “चालेल”च्या पुढे दाद मिळाली नव्हती.

पुढच्या आठवड्यात मावशी सहज डोकावली. दोन आरशांच्या मधे तो नकाशा आता छापून, फ्रेम करून लावला होता. मावशीने चष्मा पुसून तो निरखला. जन्मभर लोकांचे चेहरे निरखलेली बाई ती, तिची नजर थेट तिथेच गेली.

“काय सुरेख झालंय गं! पण मधेच एवढं कोरं राहिलं की. थोडा हात फिरवा तिथे.”

धाकटी खुर्चीत बसली होती. ती काही सांगणार, त्याआधी ताईनेच मान वर केली.

“नको, मावशी. हिचं सगळ्यात चांगलं काम आहे ते.”

मग धाकटीने पेडल दाबलं आणि खुर्ची चांगली वीतभर वर चढवून घेतली.