सव्वा लाखाचा आवाज

कमलेशने खोक्याला लाथ घातली, आतलं काहीतरी खणकन वाजलं, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच जागृती नवऱ्याच्या अंगावर धावून गेली.

"हात लावू नका त्याला," ती म्हणाली.

मग काय, सणसणीत कानाखाली बसली. भिंतीवर आदळून बांगडी फुटली, मनगटातून रक्त आलं. तरी बाईने आधी खोकं उघडून स्पीकर धड आहेत का ते पाहिलं. कमलेशचं डोकं फिरलं ते त्यानेच.

सव्वा लाख! खालापूरच्या कारखान्यात पाच वर्षं ओव्हरटाइम करून स्वतः साठवलेले पैसे हिने दोन स्पीकर आणि एका अँप्लिफायरवर घालवले. भिसेगावात हसू झालं. सासू येसूबाई दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची की सुनेला कसलीतरी बाधा झालीय. कमलेशच्या टेंपोत सातशेचा स्पीकर होता. तो लावला की कशेळ्याचा अख्खा बाजार मान वळवायचा. माणसाला याहून जास्त ऐकायचं तरी काय असतं?

"आवाज मोठा असनं येगळं आन खरा असनं येगळं," जागृती एवढंच बोलली.

तिने मागच्या खोलीला जाड पडदे लावले आणि स्पीकरसमोर दोन खुर्च्या मांडल्या. दुसरी कुणासाठी, असं कमलेशने विचारलं, तर म्हणे येईल कुणीतरी बसायला. त्याने कमरेचा पट्टा काढला. तिने वळ सोसले, पण नाव काही सांगितलं नाही.

त्या दिवसापासून कमलेशला घास गोड लागेना. खरं सांगायचं तर गडी घाबरला होता. मारत असला तरी बायकोवर त्याचा जीव होता, आणि ती आपल्या हातातून चाललीय हे त्याला दिसत होतं.

मंगळवारी कशेळ्याच्या वाटेवर टेंपोचा क्लच गेला. टेंपो तिथेच सोडून तो भरदुपारी घरी आला. आई देवळात गेलेली. मागच्या खोलीचं दार आतून बंद. त्याने कान लावला.

आत पुरुष बोलत होता, अगदी जवळ बसून बोलावं तसा. असं मऊ बोलणं त्या घरात कैक वर्षांत कुणी बोललं नव्हतं.

"थोडं दिवस कळ काढ गं. मी येतो आन तुला घेऊनच जातो."

आणि जागृती हुंदके देत होती.

कमलेशने पडवीतली पहार उचलली. दुसऱ्या घावाला कडी तुटली. जागृती आडवी आली.

"कोन हाय आत?"

"तुमीच बघा," ती म्हणाली. "जरा ऐका तरी."

ऐकायला त्याला सवड कुठे होती? त्याने पहार फिरवली. ती कोसळली, केसांतून रक्त फरशीवर पसरत गेलं. तिला ओलांडून त्याने पडदे ओरबाडले, कपाट फोडलं, पलंग उलथवला. कुणीच नाही. माणूस मात्र बोलतच होता, तिथेच, हाताच्या अंतरावर.

अँप्लिफायरला जागृतीचा जुना मोबाइल वायरीने जोडलेला होता. धापा टाकत कमलेशने पहार स्पीकरवर उगारली.

"लग्नाला इकवीस दिवस रायलेत, जागृती," तो आवाज म्हणाला. "भिऊ नको. या कमलेशच्या घरात तुला कोन बोट पन लावनार नाय."