खालच्या मजल्यावरचा कागद

व्हिसा खिडकीतल्या साहेबांनी लग्नाचा दाखला उलटसुलट करून पाहिला. "बाई, असे दाखले ढिगाने येतात. परदेशी माणसाला इथे राहता यावं म्हणून केलेलं लग्न नाही कशावरून? नवऱ्याची मुदत वाढणार नाही."

मागे उभ्या नवऱ्याला भाषा कळली नाही, पण साहेबांची नकारार्थी मान कळली. त्याने बायकोची बाही ओढली. ड्यूटीवरून तशीच आलेली ती नर्सबाई मात्र जागची हलली नाही. तिने पर्समधून घडी घातलेला कागद काढून खिडकीतून आत सरकवला.

"हा याच इमारतीतला, खालच्या मजल्यावरचा. मी एकटीचाच कर भरला म्हणून दंड ठोठावलाय. लिहिलंय, 'आपण विवाहित आहात, पतीचं परदेशातलं उत्पन्न लपवू नये.'"

"तो कर विभाग. त्यांचा आमचा काही संबंध नाही."

"नसू दे की. खाली आम्ही पक्के नवराबायको, आणि वर आलो की कोण कुणाचं नाही! मग एवढंच सांगा साहेब, जिना चढताना आमचा काडीमोड नेमका कितव्या पायरीवर झाला?"