एसच्या पलीकडे

"इथे सही करायची, आई," म्हणत दुभाषी बाईंनी कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. म्हातारीने पेन मुठीत धरलं आणि पहिलं अक्षर काढायला घेतलं.

दोघींच्या मधे, टेबलावर पसरलेल्या तपकिरी कागदावर, घडी घातलेला कोट होता. निळा, जाड, कॉलरपाशी करपलेला. परवा संध्याकाळी जळालेल्या गोदामाच्या मागच्या दाराशी तो सापडला होता. आतला पहारेकरी मिळाला तेव्हा त्याच्या बायकोलाही ओळखता आला नव्हता. म्हातारीच्या थोरल्या मुलाला कालच धरून आणलं होतं. तिला विचारायचं होतं ते अधिकाऱ्यांना फक्त एवढंच, की कोट कुणाचा.

समोरच्या पोलीस अधिकाऱ्याला तिची भाषा येत नव्हती, तिला इंग्रजी येत नव्हतं. ती म्हणाली होती, "माझ्या मुलांचा आहे हा. दोघांत एकच. थोरला दिवसपाळीला, धाकटा रात्रपाळीला. एक येऊन उतरवतो, दुसरा तोच घालून निघतो." दुभाषी बाई पुढचं सांगायला लागल्या, तर अधिकाऱ्याने हात वर केला होता. "कोट कुणाचा, तेवढं टाइप करा. पुराण नको."

त्यांनी तेवढंच टाइप केलं होतं. एक ओळ.

अधिकाऱ्याने आपल्याकडची प्रत वाचली आणि समाधानाने मान हलवली. "मुलाचा. एकवचन. म्हणजे आपण धरलाय त्याचाच. सुटलो."

बाईंनी म्हातारीच्या हाताखालचा कागद तिरक्या नजरेने पाहिला.

इंग्रजीत 'मुलाचा' आणि 'मुलांचा' कानाला सारखंच लागतं. फरक कळतो तो कागदावर, वरच्या अंगाला लोंबणाऱ्या एका बारीकशा खुणेवरून, अपॉस्ट्रॉफीवरून. एकाचं असेल तर ती शेवटच्या एस या अक्षराच्या अलीकडे, अनेकांचं असेल तर एसच्या पलीकडे. बाईंनी ती अलीकडे दिली होती. म्हातारीला तिच्या भाषेत वाचून दाखवताना मात्र त्यांच्या तोंडून 'मुलांचा'च आलं होतं, आणि तिने विश्वासाने मान डोलावली होती.

हत्ती गेला होता, शेपूट राहिलं होतं. ते मुकाट्याने जाऊ दिलं असतं तर कुणाला कळणार होतं? मागच्या महिन्यात शेजारच्या टेबलावरच्या दुभाषीला एका तारखेच्या चुकीपायी घरी बसवलं होतं. म्हातारीचं दुसरं अक्षर पुरं होत आलं होतं.

"थांबा," बाई म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. त्यांनी पेनावर हात ठेवला. "साहेब, टाइप करताना माझी चूक झाली. खूण एसच्या पलीकडे हवी."

"कसली खूण?"

बाईंनी दाखवली, आणि थोरल्या-धाकट्या दोघांत हा एकच कोट आहे, हे राहिलेलंही सांगितलं. अधिकारी चिडेल, कागद भिरकावेल, असं त्यांना वाटलं होतं. तो चिडला नाही. कितीतरी वेळ त्या ओळीकडे बघत राहिला, आणि मग त्याचा चेहरा उजळला. त्याचीच त्यांना जास्त भीती वाटली.

"म्हणजे मुलगे दोन आहेत," तो हळूच म्हणाला. "आणि कोट दोघांचा. मग धाकट्यालाही आणू. विचारा तिला परत, नीट. एकाचा की दोघांचा? ती सांगेल तिथे खूण द्या."

एवढीशी खूण सरळ करायला बाई गेल्या आणि दुसऱ्याही पोराला कोठडीचं दार उघडून बसल्या. पण विचारणं भाग होतं. त्यांनी विचारलं.

म्हातारी अधिकाऱ्याकडे पाहत नव्हती. ती बाईंच्या बोटाकडे पाहत होती. बोट अजून त्या खुणेवरच होतं.

"हे इकडे असलं तर?"

"एकाचा."

"थोरल्याचा?"

"त्यांच्याकडे तोच आहे."

"आणि तिकडे सरकवलं तर?"

"दोघांचा."

"मग दोघांना नेतील?"

याचं उत्तर द्यायला बाईंना परवानगी नव्हती. दुभाष्याने आपल्या पदरचं बोलायचं नसतं. त्यांनी खुणेवरचं बोट काढून घेतलं. म्हातारीला त्यातच उत्तर मिळालं. तिने ओठ दातांखाली दाबून धरले. जिन्यावर कुणाचे तरी बूट वाजले तशी ती दचकली आणि दाराकडे बघत राहिली. बूट पुढे निघून गेले.

"बाई," ती इतक्या हळू म्हणाली की दुभाषींना वाकावं लागलं, "आणि 'माझा' असं लिहायचं असेल तर? त्याला लागते का ही खूण?"

बाईंना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी म्हातारीच्या तोंडाकडे पाहिलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "'माझा'ला नाही लागत."

"मग तसं लिहा."

"काय म्हणतेय?" अधिकाऱ्याने खुर्ची पुढे ओढली.

बाईंनी सांगितलं. जेवढं ती बोलली तेवढंच, एक अक्षर कमी नाही, जास्त नाही.

अधिकारी हसला नाही. त्याने कोट उचलला, झटकला आणि खांद्यांना धरून उघडा केला. दारातून आत येताना मान वाकवावी लागेल अशा माणसाच्या मापाचा कोट.

"घालून दाखव म्हणावं तिला."

ते भाषांतर करायची वेळच आली नाही. म्हातारी उठली होती. तिचा एक हात बाहीत गेलाही होता. ती तो आत सारत राहिली, सारत राहिली, आणि बोटं काही बाहेर येत नव्हती.