भातखाचराजवळच्या घरातली मुलगी

प्रल्हाद आणि सुजाता अबुधाबीत राहायचे. जावा बेटावरच्या एका शांत खेड्यात, भातखाचरांना लागून, त्यांनी लांबच्या भाडेपट्ट्यावर एक छोटं घर घेतलं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत लहानग्या काव्याला घेऊन ते तिथे राहून आले. एरवी शेजारच्या वार्तीबाई घर सांभाळायच्या.

परत आल्यावर काही आठवड्यांनी, एका रविवारी दुपारी वार्तीबाईंचा व्हिडिओ कॉल आला.

“मुलगी नीट जेवत नाही,” मोडक्या इंग्रजीत त्या म्हणाल्या. “तुम्ही न्यायला कधी येणार?”

“कुठली मुलगी?” प्रल्हादने विचारलं.

त्यांनी फोन वळवला. ओटीवर काव्या बसली होती. केस वाढलेले, पाय चिखलाने माखलेले.

“बाबा,” ती रडत म्हणाली, “तुम्ही मला न घेताच गेलात.”

सुजाताने चमकून आतल्या खोलीकडे पाहिलं. काव्या तिथे होमवर्क करत बसली होती.

“गावातलं कुणाचं तरी पोर असेल,” सुजाता म्हणाली.

“आई, मीच आहे गं!” स्क्रीनवरची मुलगी ओरडली.

“रडू नकोस बाळा, मी येतो,” प्रल्हाद म्हणाला.

तेवढ्यात आतली काव्या बाहेर आली. स्क्रीनवरच्या मुलीला बघून ती जराही दचकली नाही. तिने बाबाच्या हातातून अलगद फोन घेतला आणि कॉल कट केला.

“डोन्ट टॉक टू हर अगेन, बाबा,” ती म्हणाली, आणि नेहमीसारखी त्याच्या मांडीवर येऊन बसली.