तिसरा चेहरा

१९८२ साल. नाशिकच्या एका रॉक बँडमध्ये रत्नाकर पगारे गिटार वाजवायचा आणि सुट्टीच्या दिवशी सीबीएस बस स्थानकाच्या बाकावर बसून प्रवाशांचे चेहरे रेखाटायचा.

एका दुपारी कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये तीन अनोळखी पोरांनी सिनेमातलं गाणं वाजवायचा हुकूम सोडला. रत्नाकर म्हणाला, "आम्ही फक्त आमचीच गाणी वाजवतो."

कार्यक्रम संपल्यावर त्यांनी त्याला सायकल स्टँडमागे गाठलं. दोघांनी जमिनीवर दाबून धरलं आणि तिसऱ्यानं हॉकी स्टिकनं त्याच्या उजव्या हाताची बोटं एकेक करून ठेचली. "आता वाजव!" म्हणत तो हसला.

रक्तानं भिजलेला रुमाल हाताला गुंडाळून रत्नाकर पोलीस ठाण्यात आला.

"नावं माहीत आहेत?" फौजदारांनी विचारलं.

"नाही साहेब."

"मग पकडू कुणाला?"

"कागद-पेन्सिल द्या. चित्रं मी डाव्या हातानं काढतो."

कळा मस्तकात जात होत्या, घाम कागदावर ठिबकत होता, तरी अर्ध्या तासात तिघांचे चेहरे तयार झाले. फौजदारांनी पहिले दोन हवालदाराकडे दिले. तिसऱ्याकडे मात्र ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी घरी फोन लावला. बायकोनं उचलला.



"अगं, आपल्या पोराच्या खोलीला बाहेरून कडी घाल. कितीही रडला तरी उघडू नकोस. मी बेड्या घेऊन येतोय."