अडलेला चाप

पहाटे काजूच्या बागेतलं झुडूप हललं आणि विश्राम गवसने बंदूक रोखली. रानडुकरं रोज येऊन सुरण उकरून जात होती. त्याने चाप ओढला, पण तो जागचा हलेना. समोर माणूस असला की चाप अडवणारं नवं कुलूप सरकारने सगळ्या बंदुकांना बसवलं होतं. ग्रामसभेत विश्रामने त्याला कडाडून विरोध केला होता.

"बिघडलं मेलं!" तो करवादला.

तेवढ्यात झुडपाआडून माहेरपणाला आलेली त्याची लेक वैजू उभी राहिली. तिच्या ओढणीत काजूबिया होत्या.

विश्राम बंदूक जमिनीवर टाकून तिच्याकडे धावला.

"बाबा, काय झालं?"

त्याने तिचा हात घट्ट धरला. "काही नाही गं. तू आहेस."