बिनफुलांचं झुंबर

दिव्याचं बटन दाबायच्या आधीच शेजारच्या भट्टीवाल्या मोमीने टोमणा मारला, "ओर्सेओ, फुलं कुठे गेली रे? बकरीने खाल्ली की काय?"

वल्हेकरी मंडळाच्या जेवणघरात हशा पिकला. मुरानो बेटावरचे झाडून सगळे काचेचे उस्ताद बायकांना घेऊन आले होते. ओर्सेओ मात्र हसला नाही. त्याच्या घराण्याचं झुंबर म्हणजे काचेची फुलं, पानं, वळणावळणाच्या फांद्या, आणि आज छताला टांगला होता दुधी काचेचा एक भलामोठा बसका गोळा. फूल नाही, पान नाही, कुठे सांधासुद्धा नाही.

तो कागदावर काढून दिला होता ओर्तेन्सियाने. मिलानची ही बाई दिव्यांची चित्रं काढायची, आणि ती म्हणेल तशी काच आता अर्धं बेट फुंकत होतं. ओर्सेओ सगळ्यांत शेवटी तिच्याकडे वळला. फुलांना गिऱ्हाईक उरलं नव्हतं. हा दिवाही हसण्यावारी गेला तर भट्टी विझवायची, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

मुरानोत झुंबराची पारख सरळ असते. दिवे लागले की माना वर गेल्या पाहिजेत. जितका वेळ माना वर, तितका उस्ताद मोठा.

ओर्तेन्सियाने बटन दाबलं.

एकही मान वर गेली नाही. सगळे आपापसांत बोलायला लागले, तळलेल्या तारल्यांच्या बश्या एकमेकांकडे सरकवायला लागले. ओर्सेओ एकटाच वर दिव्याकडे बघत होता.

"संपलं," तो पुटपुटला. "बाई, वर कुणी ढुंकूनही बघत नाहीये."

"मग तुम्ही तरी कशाला बघताय, उस्ताद? समोर बघा."

त्याने समोर बघितलं आणि बघतच राहिला. उजेड नेमका कुठून येतोय तेच कळेना. कुणाच्याही तोंडावर सावली म्हणून नव्हती. त्याच्या फुलाफांद्यांनी आजवर ज्या चेहऱ्यांवर सावल्यांची जाळी पाडली होती, ते भट्टीपुढे रापलेले चेहरे आज प्रथमच उघडे दिसत होते. मोमीच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. कधी झाल्या? मोमी टोमणे विसरून शेजारी बसलेल्या भावाकडे बघत होता, फार वर्षांनी भेटल्यासारखा. हे आपल्या फुंकरीने केलं? ओर्सेओचा विश्वास बसेना.

मग त्याला नेविआ दिसली, त्याची बायको. वाकून ती सगळ्यांना मक्याच्या पिठाचा वाफाळता पोलेंटा वाढत होती. तिच्या डोळ्यांत हिरवट झाक होती. एके काळी हे त्याला ठाऊक होतं, पुढे तो विसरूनच गेला होता. त्या रंगाची काच त्याला जन्मात साधली नव्हती. किती देखणी आहे ही!

नेविआची नजर त्याच्याकडे गेली. हातातला डाव तसाच राहिला. दुसऱ्या हाताने तिने कपाळावरची बट मागे सारली.

"माझ्याकडे काय टक लावून बघतोयस?" ती म्हणाली. "दिवा वर आहे."